जांभळाखालची ठेंगणी

गल्लीत जांभूळवाला आला. मडक्यात काळं मीठ टाकायचं, दोन मुठी जांभळं घालायची, वर ताटली झाकायची आणि मडकं हलवायचं. ह्या दिल्लीत माझ्या डोळ्यांदेखत सगळं बदललं, जांभळं विकायची ही तऱ्हा तेवढी तशीच राहिली. डॉक्टरने मला आंबा बंद केलाय, साखर बंद केलीय, भात तर जवळजवळ बंदच. जांभूळ मात्र खा म्हणतो. म्हणून घेते. पण मोसमातलं पहिलं जांभूळ हातात आलं की तोंडात घालायच्या आधी मी त्याच्याकडे जरा रोखून बघते. ह्या फळाने एके वर्षी माझ्या गाडीच्या बॉनेटची वाट लावली होती. खरं सांगायचं तर वाट मीच लावली. जांभळाने सुरुवात करून दिली, एवढंच.

गाडी म्हणजे जपानी मोटार. दोनच दारं, लांब नाक, आखूड शेपूट, रंग सायीसारखा. बसायला इतकी खाली की पहिल्यांदा बसणारा माणूस दचकतो. मला ते कधी जड गेलं नाही. पाटावर बसून जेवलेल्या बाईला त्या सीटवर बसणं काय अवघड? घरात तिचं नाव ठेंगणी. कंपनीने दिलेलं नाव मागच्या बाजूला इंग्रजीत आहे. मी चौथी शिकलेली, ते वाचायच्या भरीस कधी पडले नाही.

ठेंगणी आता पन्नाशीला टेकली. पुढच्या आठवड्यात ती ट्रकवर चढून पुण्याला जाणार आहे, शैलाकडे, माझ्या मुलीकडे. एवढ्या जुन्या गाडीला दिल्लीच्या रस्त्यावर यायला बंदी आहे. हवा कशी झालीय ते मला दिसतं, थंडीत मीही खोकते, त्यामुळे नियमाशी माझं भांडण नाही. फार जुन्या गाड्यांना वेगळा कागद मिळतो म्हणतात, पण त्या कागदावर गाडी वर्षाकाठी एकदा मिरवायला काढायची. ठेंगणी मिरवायची वस्तू नाही. चालवायची आहे.

ती आमच्याकडे आली ती अशी. कुणी परदेशी साहेब तिला घेऊन दिल्लीत आला होता. साहेब गेला, गाडी राहिली, आणि एका गॅरेजच्या मागे चार पावसाळे ताडपत्रीखाली पडून होती. आमचे हे फौजेत गाड्यांचे मेकॅनिक. हवालदार म्हणून पेन्शनीत आले आणि दिल्लीतच एका सरकारी मोटारखान्यात लागले. त्यांच्या कानावर ह्या गाडीची गोष्ट गेली. एका रविवारी ते बघायला गेले, ताडपत्री उचलली आणि तीन पाने घेऊन तिच्याखाली शिरले. दहा नंबरचा, बारा नंबरचा आणि चौदा नंबरचा. एवढ्या तीन पान्यांत ही गाडी निम्मी खोलता येते. संध्याकाळी घरी आले ते अंगभर काळे होऊन, आणि चेहरा असा की गावाकडचं कुणी भेटलंय. मला म्हणाले, ज्याने ही गाडी बनवली त्याने दुरुस्त करणाऱ्याचा हात कुठून आत जाईल ह्याचासुद्धा विचार केलाय. मला तेव्हा त्यातलं काही कळलं नाही. एवढं कळलं की आता ही घरी येणार.

कागद त्यांनी माझ्या नावावर केले. का, ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

तेव्हा आम्ही आर. के. पुरमला राहायचो, तळमजल्याच्या क्वार्टरमध्ये. समोर जांभळाचं झाड, झाडाखाली ठेंगणी. ज्याच्याकडे स्कूटर त्याचं बरं चाललंय, असे ते दिवस. मोटारखान्यातल्या मेकॅनिकच्या दारात अशी गाडी म्हटल्यावर लोक बोलायचेच. वरच्या मजल्यावर देशपांडे राहायचे, मूळचे पुण्याचे, कुठल्याशा मंत्रालयात बाबू. ते येता-जाता म्हणायचे, हवालदार, ही गाडी आहे की सासुरवाडी, रोज सेवा चालू. हे उत्तर द्यायचे नाहीत. मी द्यायचे. म्हणायचे, भाऊजी, सासुरवाडी सेवा करून घेते आणि वर नावं ठेवते, ही निदान चालते तरी.

सेवा रोज चालू होती हे मात्र खरं. फौजेत प्रत्येक वाराला गाडीचा एक भाग नेमून दिलेला असतो, तसा ह्यांनी ठेंगणीचा आठवडा लावला होता. सोमवारी टायर, मंगळवारी बॅटरी, बुधवारी तेल, गुरुवारी पाणी आणि पट्टा, शुक्रवारी ब्रेक, शनिवारी दिवे, रविवारी आंघोळ. त्याची एक वही होती. काम झालं की वार लिहायचा, काय बघितलं ते लिहायचं आणि सही करायची. गाडीत काही बिघडलेलं नसलं तरी. मी एकदा विचारलं, सगळं ठीक आहे हे रोज कशाला लिहायचं? ते म्हणाले, बिघाड एका दिवसात होत नाही, एका दिवसात फक्त दिसतो. मला हे पटलं. माझ्या शिवणयंत्राचंही तसंच आहे. दर आठवड्याला तेलाचा थेंब पडला तर ते आयुष्यभर कुरकुर करत नाही.

मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवली, कँटोन्मेंटमधल्या मोकळ्या मैदानावर, सकाळी सकाळी. मी चपला काढून बसायचे, निऱ्या गुडघ्यात धरायचे. बसच्या गर्दीत उभं राहणं मला कधीच आवडलं नव्हतं, त्यामुळे मी लवकर शिकले. मुनिरकाच्या वळणावर पोरं शिट्ट्या मारायची. शिट्टी मला की गाडीला, हे ठरवायला मी कधी थांबले नाही. पाय जरासा दाबला की ठेंगणी अशी निघायची, जशी ती आपण काय म्हणतोय ह्याचीच वाट बघत होती. एवढं ऐकणारं दुसरं कुणी माझ्या आयुष्यात आलं नाही. नवरा नाही, मुलगी नाही, स्टोव्ह तर नाहीच नाही.

ज्या मोसमाचं मी सांगतेय तो त्यानंतरचा. साल मला नेमकं सांगता येणार नाही. शैला कॉलेजात होती, घरातला टीव्ही काळापांढरा होता. ह्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. डाव्याला नुसता उजेड-अंधार कळायचा, उजव्याने धुक्यातून बघितल्यासारखं दिसायचं. मोटारखान्यात त्यांचं चालून जात होतं, कारण ते इंजिन कानाने बघायचे. पण बोल्ट कानाने दिसत नाही. एकदा बोटांची सालटं निघाली, एकदा पंख्याच्या पात्यात बाही अडकली. मग मी त्यांना इस्पितळात नेलं. लोक डोळ्याचं ऑपरेशन थंडीत करून घेतात. उन्हाळ्यात कुणी तयार होत नाही, म्हणून आम्हाला तारीख लवकर मिळाली. जांभळं नुकती काळी व्हायला लागली होती.

आता ऑपरेशन म्हणजे काही नाही. माझे दोन्ही डोळे परवाच्या वर्षी झाले, चहा पिऊन घरी आले. तेव्हा तसं नव्हतं. टाके असायचे. आठवडाभर इस्पितळात उताणं पडायचं, आणि घरी आल्यावर चाळीस दिवस वाकायचं नाही, उचलायचं नाही, खोकायचं नाही, जोरात हसायचंसुद्धा नाही. डोळ्यावर पट्टी आणि वरून हिरव्या कापडाची झापड. चाळीस दिवसांनी नजर किती येईल, ह्याचं उत्तर डॉक्टर देत नव्हते. बघू, म्हणायचे.

आणि नेमकं त्याच चाळीस दिवसांत ठेंगणीला पंधरा वर्षं पुरी होत होती. गाडी पंधरा वर्षांची झाली की सरकारी मैदानावर नेऊन तपासून घ्यायची. तपासणारा हो म्हणाला तर पुढची पाच वर्षं कागद मिळतात. आपल्या पायांनी जाऊन पास झाली तर गाडी, नाहीतर भंगार. तारीख ठरलेली होती, सोमवारची. आणि गाडी त्या वेळी उघडी पडली होती. तिचा पाण्याचा पंप गळत होता. ह्यांनी तो काढून, नवी बेअरिंग घालून आणला होता, पण परत बसवायच्या आधीच इस्पितळाची तारीख आली. पंप वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिठाच्या डब्याशेजारी ठेवला होता.

देशपांड्यांनी वरून सांगितलं, वहिनी, छोडो यार, मायापुरीच्या भंगार बाजारातला एक माणूस आहे, तो उचलून नेईल. त्यांनी ते वाईटपणाने म्हटलं नाही. पण मी दुसराच हिशोब करत होते. ह्यांची नजर आली तर ठीक. नाही आली, तर हा माणूस मोटारखान्यातून घरी बसणार. मग घरी बसून कानाने बघायला तरी त्याच्याकडे काहीतरी हवं होतं. मला गाडी वाचवायची हौस नव्हती. मला चोवीस तास खाटेवर बसून पंखा ऐकणारा नवरा नको होता.

हे इस्पितळात असताना मी पहिली चूक केली. जांभळं गळत होती. झाडाखालचा रस्ता जांभळा, आमचा ओटा जांभळा, येणाऱ्याजाणाऱ्याच्या चपला जांभळ्या, आणि सायीच्या रंगाच्या बॉनेटवर तर कुणी शाईची दौत सांडावी तसे डाग. रविवार होता, आंघोळीचा वार. साबणाने डाग निघेनात. मग मी आपली चिंच भिजवली, मीठ घातलं आणि तांब्याचा हंडा घासतात तशी घासली. डाग निघाले. त्यांच्याबरोबर चकाकीही निघाली. माझ्या दोन पंजांएवढा भाग पांढरट, मेलेला होऊन बसला. मी वहीत लिहिलं, रविवार, गाडी धुतली. चिंचेचं लिहिलं नाही. नंतर जुनी पातळं जोडून गाडीला मोठा अभ्रा शिवला आणि झाकून टाकली.

हे घरी आले त्या दिवशी आधी ओट्यावरून उतरून गाडीपाशी गेले. शैलाने हात धरला होता. अभ्र्याखाली हात घालून त्यांनी बॉनेटवरून तळवा फिरवला, आजारी जनावराच्या अंगावरून फिरवतात तसा. हात त्या जागी आला आणि थांबला. मी दारातच उभी होते.

"इथं काय लावलंस?"

"चिंच."

त्यांनी त्या जागेवरून एकदा अंगठा फिरवला. मग म्हणाले, मीठही घातलं असशील. मी हो म्हटलं. एवढंच. पण त्या रात्री वही काढून मला त्या रविवारच्या पुढे चिंच आणि मीठ लिहायला लावलं. फौजेत चूक झाली तर शिक्षा होते, लपवली तर मोठी शिक्षा होते, असं काहीसं म्हणाले. मी लिहिलं. माझं अक्षर मोठं आहे, ओळ पुरली नाही.

दुसरी चूक जास्त शहाणपणाने केली. पंप आणि इंजिन ह्यांच्यामध्ये एक जाड कागद बसतो, त्याला गॅसकेट म्हणतात. पाणी बाहेर झिरपू नये म्हणून तो. ह्या गाडीचं तयार गॅसकेट दिल्लीत मिळत नव्हतं. जाड कागदाचा ताव आणायचा आणि घरी कापायचा. हे खुर्चीवर ताठ बसून सांगणार, मी करणार, असं ठरलं. त्यांची रीत अशी की ताव पंपाच्या तोंडावर ठेवायचा, कडेकडेने हलक्या हाताने हातोडी मारत जायचं, म्हणजे कागद कडेवर आपोआप कापला जातो. मी दोन ठोके मारले आणि हातोडी खाली ठेवली. तीस वर्षं ब्लाउज बेतणाऱ्या बाईने हातोडीने कागद कापायचा? मी म्हटलं, माझं मी बघते. खाकी कागदावर पंपाचं तोंड पेन्सिलीने उतरवून घेतलं, त्यावरून ताव बेतला आणि कात्रीने कापला. बोल्टच्या भोकांसाठी नाक्यावरच्या मोच्याकडून पंच मागून आणला. मधलं पाण्याचं मोठं भोकही कात्रीनेच कापलं. काम इतकं सुबक झालं की मी शैलाला बोलावून दाखवलं.

मग पंप बसवला. बोल्ट किती आवळायचा, तर ते म्हणाले, लोणच्याच्या बरणीचं झाकण लावतेस तेवढा. एक बोल्ट पुरता न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जायचं, म्हणजे कागद एका बाजूला दबत नाही. मी आवळत गेले. बोल्ट काय सरळ जात होते! पंधरा वर्षांच्या लोखंडात बोट लावावं आणि त्यांनी आपली आपण वाट धरावी, तसे. तेव्हा मला ह्यांचा त्या रविवारचा चेहरा कळला. कुठल्या तरी गावी कुणी तरी माणसाने ती भोकं पाडताना आळस केला नव्हता. त्याला ठाऊकही नसणार की दिल्लीत एक बाई ओट्यावर बसून त्याचं नाव काढणार आहे. नाव माहीत नव्हतं, तरी काढलंच.

सगळं बसल्यावर ह्यांनी बसल्या जागेवरून हात लांब करून बोटाने कड चाचपली. कागद कडेबाहेर आलेला लागला. म्हणाले, बाहेर जादा का ठेवलंस, काप. मी पात्याने कापला. सवयीने राहिला होता, म्हटलं. पाणी भरलं. एक थेंब गळला नाही. शनिवार होता. मी त्यांना शेजारी बसवलं आणि गाडी बाहेर काढली.

सेक्टरांच्या रस्त्यांवरून एक फेरा झाला, मुनिरकाच्या बाजूने परत वळलो, आणि इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटा चढायला लागला. अर्ध्यावरून पाऊण, पाऊणवरून लाल खुणेजवळ. मी त्यांना सांगितलं. त्यांनी आधीच मान तिरकी केली होती. आत पाणी उकळल्याचा खदखद आवाज येत होता, डाळ शिजते तसा. कडुनिंबाखाली गाडी उभी केली. मी खाली उतरून बघितलं, गळती नाही. पट्टा ताठ. पंखा फिरत होता. त्यांनी एकेक विचारलं, मी एकेक सांगितलं. सोमवारला मध्ये एक दिवस उरला होता.

ह्यांनी मान तशीच तिरकी ठेवून ती खदखद ऐकली. मग म्हणाले, "पाणी आहे. पण फिरत नाही. अगं, मधलं भोक कसं कापलंस?"

"मुंढ्यासारखं."

"म्हणजे?"

म्हणजे काय ते मी सांगितलं. ब्लाउजची बाही जिथं जोडतात तो मुंढा. तो मापापेक्षा अर्धं बोट आत कापायचा, कारण शिवण दुमडली की तो मोठा होतो. गळ्याचंही तसंच. आणि बाहेरच्या कडेला शिवणीसाठी जादा सोडायचं. कुठलीही शिवणारी बाई हेच करील. मापाबरहुकूम कापणारी कच्ची म्हणायची. म्हणून मी बाहेर जादा सोडलं आणि आतलं भोक अर्धं बोट लहान कापलं. बाहेरचं त्यांच्या बोटाला लागलं. आतलं कुणाला लागणार? कागद पाण्याच्या वाटेत आडवा येऊन बसला होता.

ते ऐकून माणूस हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला. दोन्ही हातांनी पट्टी दाबून धरली होती आणि हसत होते. मी ओरडले, अहो हसू नका, टाका तुटेल. त्याने आणखी हसू आलं. मला वाटलं आता डोळाही गेला आणि गाडीही गेली. शेवटी त्यांच्या तोंडात पदराचा बोळा कोंबला. रस्त्याने जाणाऱ्या लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं असेल.

गाडी निवल्यावर सावकाश घरी आणली. रविवारी पहाटे पुन्हा सगळं खोललं. नवा ताव, तेच खाकी माप, पण ह्या वेळी रेघेवरून कापलं, बाहेर नाही आणि आत नाही. माझा हात दर वळणावर अडत होता. इतक्या वर्षांची सवय, कात्री आपोआप आत वळायची. ह्यांनी वहीत मला लिहायला लावलं, पाणी, भोक लहान कापले, चूक माझी. मी लिहिलं. खाली सही केली.

सोमवारी त्या सरकारी मैदानावर सावली म्हणून नव्हती. ट्रक, टेम्पो, टॅक्सी, सगळ्यांची एक लांब रांग, आणि ऊन असं की पत्र्याला हात लावला तर फोड यावा. रांग दर दोन मिनिटांनी हातभर सरकायची. पुढच्या-मागच्या कितीतरी गाड्यांची बॉनेटं उघडी, ड्रायव्हर इंजिनावर ओली फडकी टाकत होते, तोंडाने शिव्या चालू. मी विचारलं, आपली बंद करू का, उगीच तापेल. हे म्हणाले, बंद करू नकोस. आज कळू दे.

दोन तास ठेंगणी त्या रांगेत उभ्या उभ्या चालू होती. मी काट्यावरून नजर काढली नाही. अर्ध्यावर आला आणि तिथं थांबला, भिंतीला टेकून उभा राहावा तसा. त्यापुढे तो केसभर हलला नाही. आवाजसुद्धा एकसारखा, मांजर झोपेत करतं तसा. मी घामाने निथळत होते, हे झापडीखाली घामाने निथळत होते, गाडी मात्र सावलीत बसल्यासारखी. मी फार गोष्टींपुढे मान वाकवत नाही. देवळातसुद्धा घाईत असते. पण त्या दिवशी त्या काट्याकडे बघून मनात म्हटलं, बाई, तुझं तू राखलंस.

तपासणारा आला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, मग खिडकीशी वाकला. खूप वाकावं लागलं त्याला.

"माताजी, ड्राइवर कहाँ है?"

"बैठी तो है."

त्याने शेजारी बघितलं. हिरवी झापड, ताठ मान. "और ये?"

"ये सुनते हैं," मी म्हटलं.

त्याला काय वाटलं कोण जाणे, पण तो हसला नाही. त्याने मला मैदानाला एक चक्कर मारून आणायला सांगितलं, ब्रेक लावायला सांगितला, दिवे, वायपर, हॉर्न. बॉनेट उघडून पंपाकडे बघितलं, कडेवरून बोट फिरवलं, कोरडं. हे काम कुठल्या गॅरेजात केलं, असं विचारलं. मी सांगितलं, घरी केलं, कागद मी कापला. त्याने माझ्या हातांकडे बघितलं. तेलाचे डाग होतेच, जांभळाचेही होते. त्याने शिक्का मारला.

चाळीस दिवसांनी पट्टी सुटली. जाड भिंगाचा चष्मा मिळाला. जांभळांचा मोसम सरला होता, झाडाखाली नुसत्या बिया होत्या. मी त्यांना इस्पितळातून ठेंगणीतूनच आणणार होते. बाहेर आले, डोळे बारीक केले आणि पहिल्यांदा माझ्याकडे नाही, गाडीकडे बघितलं. मला त्याचं काही वाटलं नाही. मी काही नवी नव्हते. बॉनेटपाशी गेले, तो पांढरट डाग बघितला आणि म्हणाले, एवढासाच आहे, हाताला मोठा लागला होता. पुढे दोनदा गाडी रंगवायची वेळ आली, तरी त्या जागी त्यांनी रंग लावू दिला नाही. घरी आल्यावर वही मागितली. माझ्या त्या भोकाच्या ओळीखाली, नव्या चष्म्यातून, वाकड्या अक्षरांत लिहिलं, काम बरोबर. आमच्या संसारात माझ्या स्वयंपाकाला हे दोन शब्द कधी मिळाले नाहीत.

नजर पुरती आली नाही, पण मोटारखान्यातली नोकरी शेवटपर्यंत निभली. नंतर आम्ही पालमकडे दोन खोल्या घेतल्या, ठेंगणी बरोबर आली. हे गेले त्याला सहा वर्षं झाली. रस्त्यावर न्यायला बंदी आहे, अंगणात सुरू करायला बंदी नाही. म्हणून दर गुरुवारी मी फाटक लावून ती दहा मिनिटं चालवते आणि ऐकते. माझे कान अजून चांगले आहेत.

शैलाचा काल फोन आला. ट्रकवाल्याशी बोलणं झालंय, तिच्याकडे मेकॅनिकही आहे, म्हणाली. मी म्हटलं, मेकॅनिक असू दे, वही तू लिहायची. मग तिने विचारलं, आई, ते पाण्याच्या पंपाचं माप अजून आहे का? आहे. शिवणाच्या डब्यात, ब्लाउजच्या मापांच्या खाली, तोच खाकी कागद, घडीवर विरलेला. आज तो काढला, त्यावर पेन्सिलीने लिहिलं, आहे तेवढंच कापणे, शिवणीला सोडू नये. आणि वहीत ठेवला.

आज गुरुवार. गाडी चालवली, पाणी बघितलं, पट्टा बघितला, सगळं ठीक, सही केली. त्याखालच्या ओळीत पुढचा गुरुवारही लिहून ठेवलाय. सहीची जागा मोकळी आहे.